शोकातून शोधाकडे : धर्मानंद कोसंबी

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला एका प्रसंगाची धास्ती सदैव असते. गावाहून निरोप येतो आणि आपण पोहोचेपर्यंत सर्व काही आटोपलेले असते. बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या आम्हां मंडळींपैकी फारच थोड्यांना आईवडिलांचे अंत्यदर्शन घडले असेल. तेरावा झाल्यावर माणूस कामावर रुजू होतो. परंतु मनातील प्रश्न रुजू होत नाहीत. अशा वेळी कोणी गीतेकडे वळतो, कोणी ज्ञानेश्वरी काढून बसतो, तर कोणाच्या हाती बुद्धचरित्र पडते. ह्या तिसऱ्या वाटेने गेलेल्या, आणि त्या वाटेने चालता चालता सारा महाराष्ट्र आपल्यामागे आणू पाहणाऱ्या एका थोर पुरुषाचे स्मरण सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने करावे, असे आम्हांस वाटले.

धर्मानंद दामोदर कोसंबी ह्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ ह्या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. खेड्यात शिक्षणाची सोय बेताची आणि त्यात प्रकृती नाजूक. त्यामुळे शालेय शिक्षण जेमतेमच झाले. नारळीच्या बागायतीची कामे पाहावी आणि मिळतील ती मराठी पुस्तके वाचावी, असा दिनक्रम होता. लहान वयातच बाळाबाईंशी विवाह झाला. ज्ञानाची ओढ आणि संसाराचे बंधन ह्यांच्या ओढाताणीत ते अनेकदा घर सोडण्यास निघाले व तितक्याच वेळा परतले. ह्याच काळात ‘बालबोध’ मासिकातील बुद्धाचे छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्यांचे मन तेथे जडले. पुढे वडील वारले. घराचा आधार गेला, मन खिन्न झाले. आणि ज्याच्या चरित्राने चित्ताला शांती मिळते त्याचा धर्म मुळातून समजून घ्यावा, हा एकच ध्यास उरला. थोरली कन्या माणिक हिच्या जन्मानंतर, पत्नीची संमती घेऊन, १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शोकाकुल माणूस बहुधा सांत्वन शोधतो. कोसंबींनी विद्या शोधली. बौद्ध धर्माची दीक्षा कोण देईल, हे त्यांनी प्रथम विचारले नाही. त्या धर्माचे ग्रंथ वाचावयाचे तर संस्कृत यावयास हवे, म्हणून ते पुण्यास आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे साहाय्य त्यांना लाभले. तेथून इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर असे मुक्काम करीत ते काशीस पोहोचले. जवळ पैसा नाही. अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांच्या पायाशी बसून व्याकरण घोकावे, असा क्रम त्यांनी चालविला. त्यातच काशीत साथ पसरली, हालअपेष्टा वाढल्या. तथापि अध्ययन सुटले नाही.

१९०२ साली ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या परिसरात धर्म जिवंत असेल ही आशा होती. परंतु तेथील स्थिती पाहून त्यांची घोर निराशा झाली. नवशिक्या साधकाच्या वाट्याला हा प्रसंग केव्हातरी येतोच. ज्याची प्रतिमा मनात पूजिली ती प्रत्यक्षात मलिन दिसते, आणि पुष्कळ जण तेथूनच माघारी फिरतात. कोसंबी फिरले नाहीत. ते बुद्धगयेस गेले, तेथून कलकत्ता आणि पुढे सिंहलद्वीप. कोलंबो येथील विद्योदय विद्यालयात महास्थविर सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांनी पाली भाषेचा श्रीगणेशा गिरविला व तेथेच श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ते भिक्षू झाले, ब्रह्मी लिपीतील ग्रंथ अभ्यासले आणि ध्यानाचा अभ्यास केला. घर सोडल्यापासून सुमारे सात वर्षे अशी गेली.

मग जे घडले त्यामुळे कोसंबी आम्हां संसारी माणसांस अधिक जवळचे वाटतात. १९०६ मध्ये कलकत्त्यात त्यांनी चीवर उतरविले. जे मिळविले ते आपल्या लोकांना द्यावयाचे तर गृहस्थाश्रमच सोयीचा, असे त्यांना वाटले. ते पत्नी व कन्येकडे परतले. १९०७ साली पुत्र दामोदर जन्मला, जो पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगद्विख्यात झाला. बाळाबाईंनी ती सात वर्षे तान्ह्या मुलीसह कशी काढली असतील, ह्याचा विचार केल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. बुद्धाच्या कथेत यशोधरा असते तशी ह्या कथेत बाळाबाई आहेत. कोसंबींच्या विद्येचे मोल त्यांनीही चुकविले आहे, हे विसरणे अन्यायाचे होईल.

कलकत्त्याच्या विद्यापीठात पाली शिकविण्याची मानाची जागा त्यांना मिळाली होती. परंतु मराठी लोकांत काम करावे ही ओढ प्रबळ होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन केल्यास दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्याची नोकरी सोडून ते निघाले. परप्रांतातील मानाची जागा सोडून स्वभाषेच्या सेवेसाठी अल्प वेतन पत्करणारा माणूस आमच्या वाचकांना विचारात पाडील, ह्यात शंका नाही.

१९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी डॉ. जेम्स वुड्स ह्यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. हेन्री वॉरन ह्यांनी अपुरे ठेवलेले ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन पुरे करण्याचे ते काम होते. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचिलेला हा ग्रंथ शील, समाधी आणि प्रज्ञा अशा तीन पायऱ्यांनी साधकाला नेतो. त्यात ध्यानाचे चाळीस विषय सांगितले आहेत. मैत्रीभावना जशी त्यांत आहे, तशीच मरणस्मृतीही आहे. ज्याच्या शोधाचा आरंभ घरातील मृत्यूने झाला, त्याच्या हातून हे काम व्हावे, हा योग विलक्षण होय. ग्रंथाच्या श्रेयावरून मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. तरी त्या कामासाठी पुढे पुन्हा हार्वर्डला गेले. त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाली.

१९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पु. वि. बापट व चिं. वि. जोशी हे त्यांचे शिष्य. पुढे ते गुजरात विद्यापीठात होते, लेनिनग्राडलाही जाऊन आले आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजन विहार’ स्थापन करून ते श्रमिकांत राहिले.

उत्तरायुष्यातील ‘भगवान बुद्ध’ ह्या ग्रंथात त्यांनी एक धीट मत मांडले. रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही रूढ कथा त्यांनी मानली नाही. शाक्य व कोलीय ह्यांच्या कलहामुळे व शस्त्रांच्या भयामुळे त्याचे मन संसारातून उडाले, असे त्यांनी प्रतिपादिले. स्वतःच्या दुःखाने घराबाहेर पडलेल्या माणसाला अखेरीस बुद्धाच्या गृहत्यागात समाजाचे दुःख दिसले, हा त्यांच्या प्रवासाचा खरा पल्ला आहे.

शरीर जर्जर झाल्यावर त्यांनी अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे शांतपणे देह ठेवला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. ते कार्य बाबासाहेबांचे, त्याची प्रेरणाही वेगळी. परंतु मराठी वाचकाला बुद्ध समजावून देणारी कोसंबींची पुस्तके तत्पूर्वीच घरोघरी पोहोचू लागली होती.

आमच्या मंडळाच्या ग्रंथालयांत कथाकादंबऱ्यांची कपाटे भरलेली असतात. त्यांच्या शेजारी कोसंबींचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र अवश्य असावे. एखाद्या घरी दुःखाचा प्रसंग आला तर चार दिवसांनी ते पुस्तक त्या घरी नेऊन द्यावे. त्यात आयते समाधान सापडणार नाही. पण मन सुन्न झाले असतानाही एखादी नवी लिपी गिरवावयास घेता येते, एवढे त्यातून निश्चित कळेल. आणि दूरदेशी एकट्याने दुःख काढणाऱ्यास तेवढा आधार थोडा नव्हे.