सायकलवरून जगाची फेरी : अ‍ॅनी लंडनडेरी

मुलांनो, सायकल शिकताना कुणाकुणाचे गुडघे फुटले असे विचारले तर सगळा वर्ग हात वर करील. आधी दांड्याखालून पाय घालून अर्धे अर्धे पायडल मारायचे, मग एक दिवस दांड्यावरून, मग सीटवर. याला सुट्टीचा एक महिना तरी जातोच. आज जिची हकीकत सांगायची आहे, त्या बाईला सायकल शिकून जेमतेम काही दिवस झाले होते. आणि ती निघाली कुठे? बाजाराच्या गावाला नव्हे बरं का, थेट जगाच्या फेरीला!

तिचे नाव अ‍ॅनी. जन्म १८७० च्या सुमारास रिगा या गावी झाला. हे गाव आज लाटव्हिया देशात आहे, तेव्हा ते रशियाच्या बादशहाच्या राज्यात होते. घर ज्यू धर्माचे, परिस्थिती बेताची. अ‍ॅनी चार-पाच वर्षांची असताना आईवडील पोटासाठी बोटीने अमेरिकेत आले आणि बॉस्टन शहरातल्या गरीब वस्तीत राहिले. १८८७ मध्ये आईवडील दोघेही वारले. धाकट्या भावंडांची काळजी अ‍ॅनीवर आली. पुढच्याच वर्षी तिचे लग्न मॅक्स कोपचोव्हस्की याच्याशी झाले. तो जुने कपडे विकणारा फेरीवाला होता. चार वर्षांत तीन मुले झाली. वर्तमानपत्रांसाठी जाहिराती मिळवण्याचे काम अ‍ॅनी करी. दुकानोदुकानी जायचे, मालकाला बोलण्यात गुंतवायचे आणि जाहिरात घेऊनच उठायचे. हे काम तिला चांगले जमे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळात सायकलीचे नवे वेड आले होते. त्याआधीच्या सायकलीचे पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच आणि मागचे अगदी चिमुकले असे. तसल्या सायकलीवरून टॉमस स्टीव्हन्स नावाचा गडी १८८४ मध्ये अमेरिकेतून निघाला आणि १८८६ च्या अखेरीस जपानपर्यंत पोचला. वाटेत त्याने आपल्याकडचा लाहोर ते कलकत्ता हा मोठा रस्ताही सायकलवर काढला. पुढे दोन्ही चाके सारखी असलेली, चेनची, हवा भरलेल्या टायरची सायकल आली आणि बायकाही सायकलवर बसू लागल्या. लगेच लोकांची कुजबुज सुरू झाली. बाईमाणसाने सायकलवर बसावे का, तिच्या प्रकृतीला ते सोसेल का, घागरा घालून बसायचे तरी कसे, यावर डॉक्टर बोलू लागले, पाद्री बोलू लागले, वर्तमानपत्रेही लिहू लागली. बायकांना मात्र कुणी फारसे विचारीत नव्हते.

अशा वेळी बॉस्टनच्या दोन श्रीमंत माणसांनी म्हणे पैज लावली. स्टीव्हन्सने केले ते बाईला जमेल की नाही, यावर एकाने २०,००० डॉलर लावले, दुसऱ्याने १०,०००. अट अशी, की बाईने १५ महिन्यांत जगाची फेरी करावी, खिशात दमडी न घेता निघावे आणि खर्च भागवून वर ५,००० डॉलर कमवून आणावेत. 'म्हणे' असे मुद्दाम लिहिले आहे. पैज लावणारे हे दोघे कोण, ते नक्की कधी कळलेच नाही. पुष्कळ जाणकारांना वाटते, की ही पैज अ‍ॅनीने स्वतःच रचली असावी. तशी रचली असेल, तर तिने शर्यत लावली ती स्वतःशीच आणि घड्याळाशी.

२५ जून १८९४ रोजी बॉस्टनच्या सरकारी कचेरीसमोर सुमारे पाचशे माणसे जमली. अंगात लांब घागरा आणि वर जाकीट. सामान काय, तर बदलायचे कपडे आणि मोत्याच्या शिंपल्याच्या मुठीचे एक पिस्तूल. तिथेच लंडनडेरी नावाच्या झऱ्याचे पाणी बाटलीत भरून विकणाऱ्या कंपनीचा माणूस पुढे आला आणि त्याने तिला १०० डॉलर दिले. त्याबद्दल तिने सायकलीवर कंपनीची पाटी लावायची आणि फेरी संपेपर्यंत लंडनडेरी हे आडनावच घ्यायचे! अ‍ॅनी कोपचोव्हस्कीची अ‍ॅनी लंडनडेरी झाली. ज्यू नावाच्या माणसाला तेव्हा पुष्कळ ठिकाणी हिडीसफिडीस होई, तेव्हा हे नवे नाव तिला तसेही सोयीचेच होते.

घरी तीन मुले. सगळी सहा वर्षांच्या आतली. त्यांना नवऱ्याजवळ ठेवून ती निघाली. आई पंधरा महिने घरी नाही म्हणजे काय, ते तुम्हीच मनात आणून पाहा. बापाने मुले सांभाळली. तिच्यावर या गोष्टीवरून टीका झाली आणि आजही कुणी करील. पुरुष मात्र वर्षानुवर्षे परदेशी जात, तेव्हा मुले कुणी सांभाळली, ते कुणी विचारत नसे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पहिला टप्पा न्यूयॉर्कमार्गे शिकागो. सायकल होती ४२ पौंडांची, म्हणजे आपल्या मापाने १९ किलो. रस्ते खाचखळग्यांचे, घागरा चाकात अडके. तीन महिने लागले. २४ सप्टेंबरला ती शिकागोला पोचली तेव्हा तिचे वजन ९ किलोंनी उतरले होते. पुढे पश्चिमेला मोठे डोंगर आणि तोंडावर हिवाळा. तिकडे जाणे म्हणजे बर्फात अडकणे. दिवस गेले, अंग गेले, हातात काही नाही. अ‍ॅनीने फेरी सोडून द्यायचे ठरवले.

इथे तिने दोन गोष्टी बदलल्या. शिकागोच्या स्टर्लिंग कंपनीने तिला नवी सायकल दिली. ती पुरुषांची, दांडा असलेली, वजनाला पहिलीच्या निम्मी. या सायकलीला ब्रेक नव्हता. आणि आपल्या सायकलीसारखे फ्रीव्हीलही नव्हते. म्हणजे चाक फिरतेय तोवर पायडल फिरणारच, उतारावर पाय स्थिर ठेवायची सोय नाही. दुसरे म्हणजे तिने घागरा सोडला. आधी घेरदार विजार घातली, पुढे पुरुषी बेताचा पोशाखच केला. लोक हसले, पण सायकल सुसाट निघाली. मग तिने दिशाही उलटी केली. पश्चिमेऐवजी पूर्वेला! परत न्यूयॉर्क गाठले आणि २४ नोव्हेंबरला बोटीत बसून ती फ्रान्सला गेली. तीन महिने वाया गेले असे म्हणायचे, पण मला वाटते खरी फेरी तिथूनच सुरू झाली.

फ्रान्समध्ये पाय ठेवताच जकातीवाल्यांनी सायकल अडकवून ठेवली. पैसे चोरीला गेले. तिथल्या वर्तमानपत्रांनी तिच्या दिसण्याची टिंगल केली, ही बाई आहे की बुवा असे लिहिले. सायकल सुटल्यावर भर थंडीत पॅरिसहून ती मार्सेय बंदराकडे निघाली. १३ जानेवारी १८९५ रोजी मार्सेयला पोचली तेव्हा एका पायाला पट्टी बांधलेली आणि दुसऱ्या एकाच पायाने पायडल मारणे चाललेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे राहून टाळ्या वाजवीत होते. दोनच आठवड्यांत टिंगलीचा असा सत्कार झाला होता.

आता पैशांचे. बाईच्या खिशात दमडी नव्हती, मग पोट कसे भरले? सुरुवातीची जाहिरातीची गोष्ट आठवा. अ‍ॅनीने आपले अंग आणि सायकल हीच पाटी केली. बाहीवर एका दुकानाची फीत, पाठीवर दुसऱ्याची, दांड्यावर तिसऱ्याची. स्वतःचे फोटो सही करून विकले. गावोगाव तिकीट लावून भाषणे दिली. आज खेळाडूंच्या सदऱ्यावर कंपन्यांची नावे दिसतात, त्यात नवल वाटत नाही. १८९५ मध्ये एका बाईने ते करणे फारच नवलाचे होते.

मार्सेयहून २० जानेवारीला ती बोटीत बसली. कोलंबो, सिंगापूर, सायगाव, हाँगकाँग, शांघाय, नागासाकी अशी बंदरे घेत ती जपानला गेली आणि २३ मार्चला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. बोट बंदरात थांबली की उतरायचे, थोडी सायकल फिरवायची, आपण आल्याचा दाखला घ्यायचा, पुन्हा बोटीत.

अमेरिकेत आल्यावर मात्र तिने भाषणांतून काय काय सांगितले! हिंदुस्थानात जर्मन राजघराण्यातल्या लोकांबरोबर वाघाची शिकार केली. तेव्हा चीन आणि जपान यांचे युद्ध चालू होते, त्यात आघाडीवर गेले, गोळी लागली, जपान्यांच्या तुरुंगात पडले. कुठे ती अनाथ, कुठे श्रीमंताची वारस, कुठे डॉक्टरीची विद्यार्थिनी. नवरा आणि तीन मुले घरी आहेत, हे मात्र ती सांगत नसे.

आता पाटी घ्या आणि वजाबाकी करा. २० जानेवारी ते २३ मार्च किती दिवस? जानेवारीचे ११, फेब्रुवारीचे २८, मार्चचे २३, एकूण ६२. एवढ्या दिवसांत फ्रान्सपासून अमेरिकेपर्यंतचा सगळा समुद्र ओलांडायचा, तोही वाफेच्या बोटीने. मग हिंदुस्थानच्या जंगलात जाऊन वाघ मारायला दिवस उरले किती? एकही नाही! आपल्या देशाच्या मुख्य भूमीवर ती आलीच नसावी. त्या वेळच्या काही बातमीदारांनाही शंका आली होती. बाकीचे लोक मात्र तिकीट काढून गर्दी करीत.

म्हणून ती सगळीच खोटी म्हणायची का? तसे नाही. सॅन फ्रान्सिस्कोपासूनचा प्रवास पाहा. कॅलिफोर्नियात घोडागाडीचा अपघात झाला. त्यातून उठून ती लॉस एंजलिसला गेली, पुढे अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा रखरखीत मुलूख. तिथे धड रस्ते नव्हते, म्हणून रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने जायचे. वरून उन्हाळा. टेक्सासमधले एल पासो, मग उत्तरेला वळून ऑगस्टमध्ये डेनव्हर. प्रत्येक गावी ती पोचल्याची बातमी तिथल्या वर्तमानपत्रात छापून येई, म्हणून हा प्रवास आज तपासता येतो. नेब्रास्कात पावसाने इतका चिखल झाला होता, की बरेचसे अंतर तिने आगगाडीने काढले. आयोवात तर रस्त्यात डुकरांचा कळप आडवा आला. ब्रेक नाही हे आठवते ना? बाई सरळ कळपात! मनगट मोडले. हात बांधून घेतला आणि पुढे निघाली.

१२ सप्टेंबर १८९५ रोजी, हाताला प्लास्टर असताना, ती शिकागोला पोचली. पंधरा महिन्यांची मुदत संपायला अजून दिवस शिल्लक होते.

पैजेचे १०,००० डॉलर मिळाले असे तिने सांगितले. पण पैजच खरी की खोटी, तिथे पैशांचे काय सांगावे. पुढे नवरा आणि मुलांना घेऊन ती न्यूयॉर्कला राहायला गेली आणि तिथल्या एका मोठ्या वर्तमानपत्रात काही काळ लेख लिहू लागली. आपल्या फेरीची हकीकत तिने तिथेच छापली. १८९७ मध्ये चौथे मूल झाले. नंतर ती कपड्यांच्या धंद्यात पडली. सायकलवाली अ‍ॅनी लोक विसरले. १९४७ मध्ये ती वारली तेव्हा फारशी कुणाला खबरही नव्हती. तिच्या भावाच्या घराण्यातल्या पीटर झ्युटलिन या गृहस्थांनी जुनी वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे धुंडाळली, खरे आणि खोटे निवडले आणि २००७ मध्ये तिच्यावर पुस्तक काढले. आज जी माहिती मिळते ती बरीचशी त्यांच्यामुळे.

जाता जाता एक. आपल्या मुंबईहूनही १९२३ मध्ये सहा तरुण सायकलींवर जगाच्या फेरीला निघाले होते. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये फेरी पुरी करून परत आले. त्यांची हकीकत पुढच्या अंकात सवडीने सांगू.

आता सातवीच्या वर्गातला पृथ्वीचा गोल काढा आणि त्यावर दोरा लावा. सायकलचा भाग तांबडा, बोटीचा निळा. बॉस्टन ते शिकागो आणि परत न्यूयॉर्क तांबडा. पॅरिस ते मार्सेय तांबडा. तिथून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत निळा. मग लॉस एंजलिस, एल पासो, डेनव्हर, शिकागो पुन्हा तांबडा. गोलावर नेब्रास्का सापडले, तर तेवढ्या तुकड्याला काळा दोरा लावा.