गणिताच्या प्राध्यापकांनी मुलींसाठी गृहशास्त्र सक्तीचं का केलं?

दहावीपर्यंत मुलींनी काय शिकावं? गणित, की घर चालवण्याचं शास्त्र? हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. त्याला सगळ्यात वेगळं उत्तर दिलं ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी. गंमत म्हणजे ते स्वतः गणिताचे प्राध्यापक होते.

कर्व्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, कोकणातला. 1891 पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. या लग्नापायी कर्व्यांना गावाचा बहिष्कार सोसावा लागला.

1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तो पुढे पुण्याजवळ हिंगण्याला गेला. तिथे त्यांना एक गोष्ट दिसत होती. मुलींच्या हाती शिक्षणाची वर्षं थोडी असत आणि तीही मुलांसाठी आखलेल्या इंग्रजी अभ्यासक्रमात जात.

अशात त्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. 1901 साली सुरू झालेल्या त्या विद्यापीठात गृहशास्त्राचा स्वतंत्र विभाग होता. 1915 च्या सामाजिक परिषदेत कर्व्यांनी भारतातही तसं विद्यापीठ हवं, असं मांडलं. 1916 मध्ये ते पुण्यात सुरूही झालं. विद्यार्थिनी होत्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

त्याच्या मॅट्रिकच्या तोडीच्या परीक्षेचा अभ्यासक्रम पाहण्यासारखा होता. शिकवायचं मातृभाषेतून. गृहव्यवस्था आणि आरोग्यशास्त्र सक्तीचे. वरचं गणित मात्र ऐच्छिक. म्हणजे घरखर्च, स्वच्छता, आजारपण या रोजच्या गोष्टी परीक्षेच्या विषय झाल्या.

यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. काही सुधारकांना वाटलं, वेगळा अभ्यासक्रम म्हणजे मुलींना दुय्यम ठरवणं. दुसरीकडे गांधीजींना मातृभाषेचं माध्यम पटलं, पण इंग्रजीची सक्ती नको होती. कर्वे मागे हटले नाहीत. मुलीला घर सांभाळता यावं आणि जगाशी बोलताही यावं, दोन्ही हवं, हा त्यांचा हिशेब होता.

या हिशेबाची किंमतही होती. सरकारची मान्यता नसल्याने इथल्या पदवीला नोकरीच्या बाजारात मोल कमी होतं. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव मिळालं. तेच आजचं एसएनडीटी. कायद्याने मान्यता मिळायला मात्र 1951 साल उजाडलं.

1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळालं. 9 नोव्हेंबर 1962 रोजी त्यांचं निधन झालं.

आज मुंबईत असो की नागपूर जिल्ह्यातल्या काटोलमध्ये, मुलींनी गणित शिकावं का, असं कुणी विचारत नाही. कर्व्यांच्या अभ्यासक्रमाचा तो भाग काळाने मागे टाकला. पण घरकाम हे डोकं लावून शिकण्याचं शास्त्र आहे, हा त्यांचा मुद्दा उरतोच. त्यांनी ते फक्त मुलींना शिकवलं. मुलांच्या वेळापत्रकात ती जागा अजून रिकामीच आहे.