काउंट झिंझेन्डॉर्फ आणि मोहरीचा दाणा

शाळा उघडण्याचे दिवस आले म्हणजे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांतून एक गोष्ट दरसाल घडते. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आपली पेटी घेऊन तालुक्याच्या गावी शिकावयास निघतो. आई त्याच्या फडक्यात भाकरी बांधून देते, बाप पेटीत नवा करार ठेवतो, आणि पाळक किंवा उपदेशक त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करितो. त्या वेळी सर्वांच्या मनात एकच भय असते, की हा मुलगा तेथे आपला विश्वास राखील की नाही. हे भय खोटे नव्हे. परंतु त्याहून मोठा असा एक प्रश्न आहे, आणि तो आम्ही क्वचितच विचारतो. ह्या मुलाच्या ठायी जो प्रकाश आहे, तो त्याच्या सोबत्यांस दिसेल काय? दिवा विझू देऊ नये हे आम्ही आमच्या मुलांस शिकवितो, पण तो दिवठणीवर कसा ठेवावा हे शिकवितो काय?

ह्याचा विचार करिताना आम्हांस एका जर्मन सरदाराचे चरित्र वारंवार आठवते. मोराव्हियन मंडळीचे पुढारी काउंट झिंझेन्डॉर्फ ह्यांचे नाव पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. ज्यांच्या मंडळीने दूरदूरच्या देशांत सुवार्तिक धाडिले ते हेच गृहस्थ. परंतु त्या मोठ्या कार्याचे बीज ते शाळेत असताना, त्यांच्या सोबत्यांमध्ये पडले, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक आहे.

निकोलाउस लुडविग झिंझेन्डॉर्फ ह्याचा जन्म ता. २६ मे १७०० रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी झाला. काउंट ही आपल्याकडील जहागीरदारासारखी पदवी आहे. घराणे मोठे होते, पण मूल सहा आठवड्यांचे झाले नाही तोच पिता वारला. तो चार वर्षांचा असता आईने पुनर्विवाह केला व ती बर्लिनास गेली. तेव्हा त्याचा सांभाळ आजीने केला. ही आजी मोठी विदुषी असून मूळ भाषांतून शास्त्र वाचीत असे. घरात एक मावशीही होती. ती रोज रात्री त्यास जवळ बसवून प्रभूविषयी सांगे व त्याजबरोबर प्रार्थना करी. ह्या दोघींच्या पदराखाली मुलाच्या मनात प्रभू येशूविषयी इतकी जवळीक उत्पन्न झाली, की तो त्यास पत्रे लिही व ती वाड्याच्या खिडकीतून बाहेर टाकून देई. ज्याच्यासाठी लिहिली त्यास ती पोहोचतील अशी त्याची खात्री असे. १७०६ साली स्वीडनचे शिपाई त्या प्रांतात शिरले व काही जण वाड्यात घुसले. ते खोलीत आले तो सहा वर्षांचा हा मुलगा प्रार्थना करीत होता. ते पाहून ते कठोर पुरुष तेथेच थबकले, असे सांगतात.

आजीच्या घरचा विश्वास हा असा होता. पण घरचा विश्वास घराबाहेर टिकतो की नाही, ह्याची परीक्षा पुढे होती.

१७१० साली, वयाच्या दहाव्या वर्षी, त्यास हाले शहरी विख्यात भक्त आउगुस्ट हेर्मान फ्रँके ह्यांच्या विद्यालयात घालण्यात आले. फ्रँके ह्यांनी अनाथगृह, शाळा, छापखाना वगैरे मोठी कामे तेथे चालविली होती. विद्यालय धार्मिक होते, तेव्हा मुलगा तेथे सुखी झाला असेल असे कोणासही वाटेल. परंतु तसे झाले नाही. वरिष्ठांस तो गर्विष्ठ वाटला, व त्यास वचकात ठेवावे असे ठरले. त्याच्यावर नेमलेला खासगी शिक्षक त्याचा द्वेष करी, त्याच्या आप्तांस त्याजविषयी वाईट लिही, व चारचौघांत त्याचा पाणउतारा करी. मुलगा प्रकृतीने नाजूक होता, त्यामुळे इतर मुले त्याची थट्टा करीत. त्याच्या ठायी दोष नव्हते असेही नाही. उच्च कुळाचा ताठा त्यात होता, व तो लवकर संतापे. घरापासून दूर, बापाविना, आणि ज्यांनी त्याची बाजू घ्यावी त्यांसच अप्रिय, अशी त्या मुलाची स्थिती होती.

अशा स्थितीत मुले बहुधा दोहोंपैकी एक करितात. एक तर आपला विश्वास लपवून चार मुलांसारखी होतात, अथवा सर्वांपासून फटकून एकटी राहतात. ह्या मुलाने तिसरी वाट धरिली. त्याने आपल्या वयाचा एखादा प्रार्थना करणारा सोबती शोधिला. एक मिळाला, मग दुसरा मिळाला. हे मोजके मुलगे एकत्र जमून प्रार्थना करीत, वचनाविषयी बोलत, आपापले अपराध एकमेकांस कळवीत, व ज्यांस प्रभूची ओळख नव्हती अशा सोबत्यांसाठी विनवणी करीत. हे त्यांस कोणी नेमून दिलेले काम नव्हते, व त्याबद्दल त्यांस काही बक्षीसही मिळणार नव्हते.

सोबत्यांची ही टोळी पुढे एका नेमाने बांधली गेली, व कालांतराने मोहरीच्या दाण्याचा संघ ह्या नावाने प्रसिद्ध झाली. प्रभूच्या दाखल्यातील मोहरीचा दाणा आमच्या स्त्रियांच्या मिसळणाच्या डब्यात रोज हाती येतो. तो किती लहान हे आम्हांस सांगावयास नको. ह्या मुलांचे नेम थोडे होते. ख्रिस्ताच्या शिकवणीस दृढ राहावे, सर्व माणसांशी प्रीतीने वागावे, आणि दुसऱ्यांस प्रभूकडे आणण्यासाठी झटावे. पुढे संघाच्या सभासदांनी बोटात एक अंगठी घालण्याचा प्रघात पाडिला. आपल्यांतील कोणीही स्वतःकरिता जगत नाही, ह्या प्रेषित पौलाच्या शिकवणीची आठवण तीवर कोरिलेली असे.

फ्रँके ह्यांच्या भोजनाच्या मेजावर मुलास आणखी एक शिक्षण मिळाले. त्या वेळी हाले येथून आपल्या हिंदुस्थानातील तरंगंबाडी येथे सुवार्तिक गेलेले होते. झीगेनबाल्ग हे १७०६ साली तेथे उतरले होते व तमिळ भाषेत नव्या कराराचे भाषांतर करीत होते. त्यांची पत्रे हाले येथे वाचली जात, व परत आलेले सुवार्तिक त्या मेजाशी बसत. मुलगा ते सर्व कान देऊन ऐकत असे. त्याचा जिवलग मित्र फ्रीडरिख वॅटेव्हिल हा स्वित्झर्लंडचा. ह्या दोघांनी १७१५ च्या सुमारास आपसांत एक करार केला, की ज्या लोकांकडे दुसरे कोणी जाण्यास तयार नाही त्यांच्याकडे प्रभूचे नाव पोहोचवावे. स्वतः जाता न आले तर देव दुसऱ्यांस उभे करील असा त्यांचा भरवसा होता. दोघेही त्या वेळी पंधरा वर्षांचे होते.

१७१६ साली झिंझेन्डॉर्फ हाले सोडून निघाला. निघताना त्याने फ्रँके ह्यांच्या हाती एक यादी दिली. विद्यालयात प्रार्थनेसाठी जमणाऱ्या सात टोळ्यांची ती यादी होती. ज्या मुलास गर्विष्ठ म्हणून वचकात ठेविले होते, त्याने सहा वर्षांत आपल्या सोबत्यांमध्ये एवढे काम केले होते. आम्हांस वाटते, ती यादी हे त्या विद्यालयातले त्याचे खरे प्रमाणपत्र होय.

पुढील काही वर्षांची हकिकत थोडक्यात सांगतो. उपदेशक व्हावे ही त्याची इच्छा, परंतु सरदाराच्या मुलास ते शोभत नाही असे आप्तांचे मत पडले. म्हणून त्याने विटेनबर्ग येथे कायद्याचा अभ्यास केला. नंतर देशाटनात, १७१९ साली, ड्युसेलडॉर्फ शहरी त्याने काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताचे चित्र पाहिले. प्रभूने आपणांसाठी एवढे सोसले, आणि आपण त्याजसाठी काय केले, ह्या विचाराने त्याचे अंतःकरण विदीर्ण झाले. १७२१ साली तो ड्रेस्डेन येथे राजदरबारी नोकरीस लागला.

१७२२ साली मोराव्हिया प्रांतातून छळामुळे पळालेले काही गरीब ख्रिस्ती जन काउंटच्या जमिनीवर आश्रयास आले. ख्रिस्तियान डेव्हिड नामक सुताराने तेथे पहिले झाड तोडले, व हेर्नहूट म्हणजे प्रभूचा पहारा हे गाव वसले. पाच वर्षांत तेथे सुमारे तीनशे लोक झाले, पण त्यांच्यांत मतभेद व भांडणे माजली. तेव्हा काउंटसाहेब दरबार सोडून गावात येऊन राहिले, घरोघरी जाऊन समेट करू लागले, व ता. १२ मे १७२७ रोजी सर्वांनी बंधुत्वाने राहण्याच्या नियमांस संमती दिली. त्याच वर्षी ता. १३ ऑगस्ट रोजी प्रभुभोजनाच्या समयी पवित्र आत्म्याने त्या मंडळीस एकचित्त केले.

ह्या जागृतीचे वर्णन पुष्कळ ठिकाणी येते, पण त्यात मुलांचा वाटा होता हे बहुधा सांगितले जात नाही. दहा ते तेरा वर्षांच्या काही मुली काउंटसाहेबांकडे शिकत असत. त्यांची वर्तणूक चांगली, पाठांतर चांगले, पण अंतःकरणास काही लागलेले दिसेना. ह्याचे त्यांस इतके दुःख झाले, की ते त्या मुलींसाठी प्रभूपाशी रडून विनवणी करू लागले. ऑगस्टच्या आरंभी झुझाना क्यूनेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीस, आईच्या मृत्यूच्या शोकानंतर, तारणाचा निश्चय मिळाला. ती आपल्या मैत्रिणींस हे आनंदाने सांगू लागली, आणि एकीपासून दुसरीस अशी ती ज्योत मुलामुलींत पसरली. मोठ्यांनी पुष्कळ महिने शिकवून जे झाले नव्हते, ते एका सोबतिणीच्या साक्षीने झाले. त्याच महिन्यात रात्रंदिवस आळीपाळीने प्रार्थना करण्याचा नेम सुरू झाला, व तो शंभर वर्षांवर चालला.

१७३१ साली काउंटसाहेबांस कोपनहेगन येथे अँटन नावाचा मनुष्य भेटला. वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस बेटावरील आपले गुलाम बांधव सुवार्तेवाचून कसे तळमळतात हे त्याने सांगितले. ते वर्तमान हेर्नहूटास कळले तेव्हा लेओनार्ड डोबर नावाच्या तरुण कुंभारास रात्री झोप येईना. त्याने आपल्या मित्रास मनातले सांगितले, तो त्याच्याही मनात तेच होते. ता. २१ ऑगस्ट १७३२ रोजी डोबर व डेव्हिड निचमान सुतार हे हेर्नहूटाहून निघाले. शाळेतल्या दोन मुलांचा करार सतरा वर्षांनी फळास आला. काउंटसाहेब आपल्या सुवार्तिकांस बजावीत, की आपल्या हातांनी कष्ट करा, नम्र राहा, वादात शिरू नका, वधस्तंभावरील ख्रिस्ताविषयी साधेपणाने सांगा.

ह्या थोर पुरुषाच्या हातून एक मोठी चूकही झाली, ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. १७४० नंतरच्या काळात त्यांनी भावनेच्या भाषेस व लाडिकपणास फार मोकळीक दिली. हेर्नहाग येथील तरुण बंधूंचा पुढारी त्यांचा स्वतःचा पुत्र ख्रिस्तियान रेनाटुस होता. तेथे उत्सव, रोषणाई व बालिश बोलणे इतके वाढले, की मंडळीची दूरवर अपकीर्ती झाली. पिता पुष्कळ वेळ परगावी असे, व जवळ सावध करणारे कोणी उरले नव्हते. १७४९ साली काउंटसाहेबांनी कडक पत्र लिहून हे थांबविले व पुत्रास लंडनास बोलावून घेतले. पुत्राने पश्चात्ताप केला, पण १७५२ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो मरण पावला. बापाच्या हृदयास हा घाव किती खोल गेला असेल! ज्याने हाले येथे सोबत्यांस सांभाळिले, त्याच्याच घरी तरुणांवरील देखरेख सुटली. उत्साह हा अग्नी आहे. चुलीत असला तर भाकरी भाजतो, छपरास लागला तर घर जाळितो.

ता. ९ मे १७६० रोजी हेर्नहूट येथे काउंटसाहेब प्रभूमध्ये निजले. तोपर्यंत त्या लहान मंडळीने दोनशेहून अधिक सुवार्तिक निरनिराळ्या देशांत पाठविले होते. आणि ज्या तरंगंबाडीची पत्रे त्यांनी बालपणी ऐकिली, त्याच तरंगंबाडीस त्यांचे बंधू त्याच १७६० साली येऊन उतरले.

आता आम्ही आपणांकडे वळू. आम्ही पाळक व उपदेशक भजनाच्या वेळी तरुणांच्या हाती ढोलकी व झांज देतो, पण साक्ष मात्र स्वतःसाठी राखून ठेवितो. नंतर, तरुण मुके आहेत, अशी तक्रार करितो. हाले येथील मुलांस वाद करण्याची विद्या दिलेली नव्हती. त्यांजपाशी प्रभूची स्वतःची ओळख होती, बरोबर प्रार्थना करणारा एक सोबती होता, आणि पाळावयास सोपे असे दोन-तीन नेम होते. एवढी शिदोरी आमच्या खेड्यातील मुलामुलींसही देता येईल. उपदेशकाने दोघांतिघांस एकत्र आणावे, एखादी संध्याकाळ त्यांस नेमून द्यावी, आणि वर्गातील एका सोबत्याचे नाव घेऊन प्रार्थना करावयास शिकवावे. त्या सोबत्याच्या घरच्या देवधर्माची निंदा करण्यास कधीही शिकवू नये. त्याच्या आजारात त्यास भेटावे, अभ्यासात साह्य करावे, खोटे बोलू नये, आणि त्याने विचारिले म्हणजे प्रभूने आपणांसाठी काय केले हे न लाजता सांगावे, एवढे पुरे. मग मोठ्यांनी थोडे दूर बसावे, पण उठून जाऊ नये. हेर्नहागचा धडा तोच आहे.

आईबापांसही आमची विनंती आहे. मुलगा पेटी उचलून निघेल तेव्हा, तेथे सांभाळून राहा, एवढेच सांगून थांबू नका. तेथे कोणासाठी प्रार्थना करशील, हेही त्यास विचारा. तो सुट्टीत परत येईल तेव्हा गुणांबरोबर त्या सोबत्याचीही विचारपूस करा. ज्या प्रभूने एका थट्टेस पात्र झालेल्या मुलाच्या हाती सात टोळ्यांची यादी दिली, तो आमच्या मुलामुलींच्या हातीही एक-दोन नावे देवो, आणि दाणा पेरण्यास आम्हांस विश्वास देवो. आमेन.