दामोदर धर्मानंद कोसंबी : पोथीतून पायवाटेकडे

मागील घटकात तुम्ही दैवतकथांच्या लिखित परंपरेचा परिचय करून घेतला. या घटकात ज्यांच्या चरित्राकडे आपण वळणार आहोत, ते व्यवसायाने लोकसाहित्याचे अभ्यासक नव्हते. ते गणिती होते. नोकरीतून उरलेल्या सुट्टीच्या दिवसांत त्यांनी पुणे परिसरातील म्हसोबा, बोल्हाई, तुकाई यांची ठाणी पायी हिंडून पाहिली. संसार आणि नोकरी सांभाळून ही पुस्तिका उघडणाऱ्या तुम्हांला त्यांची ही बाजू आधी सांगणे मला योग्य वाटते.

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित. हार्वर्ड विद्यापीठातील त्यांच्या कामामुळे दामोदर लहान वयातच अमेरिकेत गेले आणि १९२९ मध्ये तेथूनच पदवीधर झाले. परतल्यावर बनारस, अलीगढ, मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि पुढे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था अशी त्यांची नोकरी झाली. मुंबईत काम करीत असतानाही त्यांनी पुण्याचे घर सोडले नाही. डेक्कन क्वीनने ते ये-जा करीत.

त्यांच्या लोकदैवतविषयक संशोधनाचे मूळ मला एका वेगळ्याच कामात दिसते. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना त्यांनी तीनशेहून अधिक हस्तलिखिते पडताळली. ही आवृत्ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. पाठभेद ही लेखनिकाची चूक म्हणून टाकून द्यायची गोष्ट नसते. तो संहितेच्या प्रवासाचा पुरावा असतो, ही जाण अशा कामातून येते. हीच दृष्टी घेऊन ते गावोगावच्या कथांकडे वळले. दोन गावांतील कथा जुळत नसतील, तर खरी कोणती हे ठरवण्याची त्यांना घाई नसे. त्या का जुळत नाहीत, हे ते विचारीत.

याचे उत्तम उदाहरण म्हसोबाचे. या नावाचा 'महिष' शब्दाशी असलेला संबंध तुम्ही सहज ओळखाल. 'बा' हा विठोबा, खंडोबा यांतलाच आदरवाचक प्रत्यय. पुराणात देवी महिषासुराचा वध करते. पुरंदर तालुक्यातील वीर येथे मात्र म्हस्कोबाचे जोगूबाईशी, म्हणजे जोगेश्वरीशी, दरवर्षी माघात लग्न लागते. कोसंबींनी म्हस्कोबा हा म्हसोबाच मानला आणि जोगूबाई हे दुर्गेचे रूप मानले. मग पुराणात जिने ज्याला मारले, तीच इथे त्याची पत्नी कशी? त्यांचे उत्तर असे : पशुपालकांचा देव आणि दुसऱ्या एखाद्या समूहाची देवी यांचे लग्न म्हणजे ते दोन समूह एकत्र आल्याची खूण होय, आणि वधाची कथा ही त्यांच्यातील संघर्षाची आठवण होय. वीरचे भाविक म्हस्कोबाला काळभैरव मानतात, हेही ध्यानात ठेवा. अभ्यासकाचे अनुमान आणि उपासकाची श्रद्धा यांची नोंद वेगवेगळी करावी लागते.

'मृच्छकटिक' नाटकाच्या पहिल्या अंकात चारुदत्त आपल्या मित्राला मातृकांसाठी चव्हाट्यावर बळी ठेवायला सांगतो. आपण हा प्रसंग वाचून पुढे जातो. कोसंबींना प्रश्न पडला, की या मातांचे स्थान घरात किंवा देवळात नसून चव्हाट्यावर का? पुण्याभोवतीच्या जुन्या वाटांवर हिंडताना त्यांना देवींच्या ठाण्यांजवळ अश्मयुगीन सूक्ष्मास्त्रे, म्हणजे गारगोटीची इवलीशी पाती, सापडत गेली. भटक्या टोळ्यांच्या वाटा जिथे मिळत, तिथे ही पूजास्थाने निर्माण झाली आणि पुढे त्याच मार्गांवर व्यापारी आले, बौद्ध लेणी कोरली गेली, असे त्यांनी मांडले. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ उभे आहे, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

माझ्या मते येथे थोडे सावध राहावे. दगडी पाते वापरणारा माणूस त्याच ठिकाणी पूजा करीत होता, हे ते पाते सांगत नाही. इतक्या दीर्घ काळाचे सातत्य हे अनुमानच राहते. शिवाय धनगर आणि शेतकरी यांच्याशी झालेल्या संभाषणांवर उभे असलेले हे लेखन इंग्रजीत झाले. त्या बोलण्यातले मराठी शब्द पुष्कळदा भाषांतरात हरवले. भाषेच्या अभ्यासकाला ही उणीव बोचते.

१९६२ मध्ये हे निबंध 'मिथ अँड रिॲलिटी' या नावाने ग्रंथरूपात आले. त्याच वर्षी टाटा संस्थेने त्यांच्या नियुक्तीचे नूतनीकरण केले नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. ते ५८ वर्षांचे होते.

पुढील घटकाकडे जाण्यापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी आपल्या गावाच्या वेशीवरील एखाद्या शेंदरी दगडापाशी जा. त्याचे नाव, नैवेद्य, पूजेचा वार आणि पूजेचा मान कोणाच्या घराकडे आहे, हे किमान दोन व्यक्तींना विचारा. उत्तरे वेगवेगळी आली, तर दोन्ही लिहून ठेवा. आणि ती सांगणाऱ्यांच्याच शब्दांत लिहा.