दिव्यामागची जागी रात्र : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

कागल पंचतारांकित एमआयडीसीत रात्रपाळीलाही यंत्रे सुरू असतात. अशा वेळी एखाद्या कामगाराचा हात यंत्रात सापडला, तर त्याच्यासाठी रुग्णालयात कोणीतरी जागे असावे लागते. हे जागणे बहुधा परिचारिकेच्या वाट्याला येते. म्हणूनच आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चरित्र आम्ही आज निद्रेच्या अंगाने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत त्यांचा जन्म झाला. सधन इंग्रज कुटुंबाचा विरोध पत्करून त्यांनी सेवेचा मार्ग धरला. क्रिमियन युद्धातील जखमींसाठी ३८ सेविकांसह त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. त्या पथकात कॅथलिक धर्मभगिनीही होत्या. रात्री आठनंतर इतर सेविकांना कक्षात थांबू न देता त्या स्वतः दिवा घेऊन फेरी घालीत व पुढे उशिरापर्यंत पत्रे लिहीत बसत.

१८५५ मध्ये त्यांना तीव्र ज्वराने गाठले. तो ब्रुसेलोसिस असावा, असे आजचे काही अभ्यासक मानतात. मायदेशी परतल्यावर अशक्तपणा व निद्रानाश यांनी त्यांची अनेक वर्षे पाठ सोडली नाही. तरीही अंथरुणावरूनच त्यांनी हिंदुस्थानातील सार्वजनिक आरोग्याचा पाठपुरावा केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा संपर्क होता.

झोपेचे मोल त्यांनी पुरते ओळखले होते. रुग्णास पहिल्या झोपेतून उठविल्यास त्याला पुन्हा झोप लागणे कठीण, असे त्यांनी १८५९ च्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकात बजावले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची परिचारिका शाळा सुरू झाली, तेव्हा प्रत्येक विद्यार्थिनीस स्वतंत्र शयनकक्ष मिळाला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली.

रात्रीच्या उजेडाने निद्रेस पोषक असे मेलाटोनिन कमी स्रवते आणि शरीराचे घड्याळ बिघडते, हे आज आपण जाणतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीस संभाव्य कर्करोगकारक ठरविले.

दिव्याचा गौरव आपण पुष्कळ केला. मात्र रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेपुढे घरी स्वयंपाक, मुले, पाहुणे उभे असतात. त्या दिवशी चूल दुसऱ्याने पेटवावी, खोलीचे पडदे ओढावेत, दाराची घंटा बंद ठेवावी, एवढी विनंती आम्ही करतो. आपल्यासाठी जागणाऱ्या भगिनीची झोप राखणे हीदेखील रुग्णसेवाच होय.