त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकून तब्येत सावरायला निघालेल्या फ्रान्सिस विलर्ड

रविवारी पहाटे नागपुरात अंबाझरी किंवा फुटाळ्याकडे चक्कर मारली की वजन कमी करायला निघालेले सायकलवाले दिसतात. एखाद्याकडे फिक्सीही असते. फिक्सी म्हणजे फ्रीव्हील नसलेली सायकल. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. सेमिनरी हिल्सवरून उतरताना पाय आरामात ठेवू म्हटलं, तर जमत नाही. उलट वेग कमी करायचा तर पायानेच पॅडल मागे रेटावं लागतं.

आज हा हौसेचा मामला आहे. १८९० च्या दशकात मात्र साधारण सगळ्याच सायकली अशा होत्या, आणि त्याच काळात एक अमेरिकन बाई तब्येतीसाठी सायकलवर बसल्या.

त्यांचं नाव फ्रान्सिस विलर्ड. जन्म १८३९ चा. बालपण विस्कॉन्सिनच्या शेतावर धावण्यात, झाडावर चढण्यात गेलं. मग सोळा-सतरा वर्षांच्या झाल्या, अंगावर लांब झगा आणि घट्ट कॉर्सेट आला आणि पळणं बंद झालं. पुढे त्या शिक्षिका झाल्या आणि १८७९ मध्ये दारूबंदीसाठी लढणाऱ्या अमेरिकन महिलांच्या संघटनेच्या अध्यक्ष. महिलांना मतदानाचा हक्क हवा, हेही त्यांनी संघटनेच्या गळी उतरवलं. आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत निधी जमवत होत्या, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्यांत विलर्डही होत्या.

वर्षानुवर्षं रेल्वेने फिरायचं, भाषणं द्यायची, रात्री पत्रं लिहायची. त्यात १८९२ मध्ये आई गेली आणि विलर्ड पार खचल्या. विश्रांतीसाठी त्या इंग्लंडला मैत्रीण लेडी हेन्री सॉमरसेट यांच्याकडे गेल्या. तिथे मैत्रिणीने सायकल दिली. विलर्डनी तिचं नाव ठेवलं ग्लॅडिस.

वय त्रेपन्न. सुरुवातीला लोक सायकल धरून उभे राहायचे, तेव्हा कुठे त्या बसायच्या. रोजचा सराव दहा-वीस मिनिटांचाच. त्यांनी नंतर हिशोब मांडला, तो सुमारे तीन महिने आणि मिळून बावीस-एक तासांचा. म्हणजे घाई कुठेच नाही! स्कर्ट जमिनीपासून तीन इंच वर घेतला, तेवढंही त्या काळात बोलायला पुरेसं होतं. शेवटी एका २० जानेवारीला त्या कुणाच्याही आधाराशिवाय एकट्या सायकलवर चढल्या.

१८९५ मध्ये त्यांनी या सगळ्यावर छोटंसं पुस्तक लिहिलं. सायकल बाईचं शरीर बिघडवते असं म्हणणारे डॉक्टर तेव्हा कमी नव्हते. त्यामुळे एवढ्या प्रतिष्ठित बाईने असं लिहिण्याला वजन होतं.

पण सायकलने त्या बऱ्या झाल्या, असं सांगणं खोटं होईल. त्यांना पर्निशस ॲनिमिया होता, म्हणजे रक्त कमी होत जाणारा आजार. त्यावरचा यकृताहाराचा उपचार जगासमोर आला तो १९२६ मध्ये. मोकळी हवा मिळाली, मन उभारी धरू लागलं, हे खरं. आजार मात्र तसाच राहिला. १७ फेब्रुवारी १८९८ रोजी न्यूयॉर्कमध्ये इन्फ्लुएन्झाने त्या गेल्या, वयाच्या ५८ व्या वर्षी. १९०५ मध्ये अमेरिकेच्या संसद भवनात त्यांचा पुतळा बसला. त्या दालनातला हा पहिला स्त्रीचा पुतळा. तोवर फ्रीव्हीलच्या सायकली बाजारात रुळल्या होत्या.