एकीकडे थंडी, दुसरीकडे धूर : डॉ. आनंदीबाई जोशींच्या अमेरिकेतल्या खोलीची गोष्ट

नाशिक जिल्ह्यात थंडी वाढली की पहिली बातमी येते ती निफाडची. द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटतात आणि घरात कोळशाची शेगडी बाहेर निघते. दारं-खिडक्या लावायच्या आणि ऊब घ्यायची. यात धोका कुठे असतो, हे समजून घ्यायला १४० वर्षं मागे जावं लागेल, तेही थेट अमेरिकेत.

३१ मार्च १८६५ रोजी जोशी घराण्यात यमुनेचा जन्म झाला. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी तिचं लग्न झालं आणि ती आनंदी झाली. नवऱ्याचा एकच हट्ट होता, बायकोनं शिकलं पाहिजे. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, पण तो दहा दिवसच जगला. त्या काळात बाईला तपासायला बाई डॉक्टर मिळणं मुश्कील होतं. डॉक्टर व्हायचं, हे आनंदीबाईंनी तेव्हा मनाशी पक्कं केलं.

एप्रिल १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना मुलीसारखं सांभाळलं. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना प्रवेश मिळाला.

खरी परीक्षा मात्र राहत्या खोलीत सुरू झाली. अंगावर लुगडं, जेवण शाकाहारी आणि बाहेर बर्फ. ऊब मिळायला खोलीत फायरप्लेस होती, म्हणजे भिंतीतली शेगडी. पण ती पेटवली की धूर वर जाण्याऐवजी खोलीतच भरायचा. आग पेटवावी तर धूर, विझवावी तर थंडी.

असं का होतं? गरम हवा हलकी असते. ती धुराड्यातून वर चढते आणि धूर सोबत ओढून नेते. धुराड्यात काजळी साचली, ते थंडगार पडलं किंवा खोलीत बाहेरची हवा यायला वाटच नसली, तर ही ओढ कमी पडते आणि धूर उलटा फिरतो. धूर निदान दिसतो तरी. जळणाला हवा कमी पडली की तयार होणारा कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. माणूस झोपेतच बेशुद्ध पडतो.

आनंदीबाईंची तब्येत ढासळत गेली, तरी अभ्यास थांबला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारीही ठरली. पण क्षयानं त्यांना पोखरलं होतं. मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय होतं २१ वर्षं.

क्षय जंतूंमुळे होतो, त्यामुळे त्यांच्या मृत्यूचं खापर त्या फायरप्लेसवर फोडता येत नाही. पण आधीच अशक्त झालेल्या छातीला धूर आणि गारठा, दोन्ही वाईटच.

आज फार्महाऊसमध्ये लाकडाची शेगडी बसवणाऱ्यांनी काही गोष्टी पाळायलाच हव्यात. धुराडं शक्य तितकं सरळ आणि छपराच्या वर निघालेलं असावं. तापणारा पाईप लाकूड, पडदे आणि वायरींपासून लांब असावा. शेगडीखाली फरशी किंवा विटांचा थर हवा. बाहेरची हवा आत यायला झरोका हवा. दरवर्षी काजळी काढावी आणि राख धातूच्या बादलीतच भरावी. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्मही बसवावा.

आणि धुराडं नसलेली कोळशाची शेगडी? ती बंद खोलीत घेऊन झोपू नये. निखारे विझत आले, धूर दिसेनासा झाला, तरीही नाही.